१६० चौरस फुटांच्या बाहेरचं घर : बीडीडी चाळींची गोष्ट

आजचा भाग लोकलमध्ये उभ्याउभ्या ऐकत असाल तर एक काम करा. एका गाडीच्या पार्किंगला लागते तेवढी जागा डोळ्यांसमोर आणा. तिला दोन पावलं इकडे, एक पाऊल तिकडे वाढवा. झाले साधारण १६० चौरस फूट. एवढ्या खोलीत वरळीला माझी मावशी राहायची. मावशी, काका, त्यांची आई, धाकटे दीर आणि तीन मुलं. मे महिन्यात मी गेले की आठवी.

आता तुम्ही विचाराल, मावत कसे होतात? उत्तर सोपं आहे. मावत नव्हतोच. दीर बाहेरच्या पॅसेजमध्ये पथारी टाकायचे, मोठे दोघे भाऊ गच्चीवर. आजी दुपारभर जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या. अभ्यास समोरच्या काकूंकडे, कारण त्यांच्याकडे मूलबाळ नव्हतं आणि दिवा चांगला होता. म्हणजे निम्मं घर खोलीच्या बाहेर होतं. लहानपणी मला ती गंमत वाटायची. पुढे या चाळींबद्दल वाचायला लागले तेव्हा कळलं, की ही गंमत कुणीतरी काटकसरीने आखलेल्या नकाशातून आली होती.

ही मावशी गेल्या वर्षी टॉवरमध्ये राहायला गेली. तिथे काय झालं ते शेवटी सांगते. आधी जरा शंभर वर्षं मागे जाऊ.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८९८ ला, सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि गरिबांसाठी नव्या चाळी बांधायच्या, असं त्याचं काम. पाडापाडी जोरात झाली, बांधकाम मागे राहिलं. तरी ट्रस्टच्या ज्या चाळी उभ्या राहिल्या, त्या बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं राहिले. दादरचं राजगृह नंतरचं.

मग पहिलं महायुद्ध. गिरण्यांना भरपूर काम, मुंबईत माणसांचे लोंढे, घरभाडी आकाशाला. १९१८ ची इन्फ्लूएन्झाची साथ. १९१९ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा मोठा संप. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारला कळून चुकलं, की कामगारांच्या घरांचं काहीतरी करायला हवं. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. बीडीडी ही अक्षरं तिथून आली. (आमच्या चाळीतल्या निम्म्या लोकांना त्या अक्षरांचा अर्थ माहीत नव्हता. आडनावासारखी ती लावायची, बस.)

बेत होता ५०,००० खोल्यांचा. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. पण याच खात्याने बॅकबेचा समुद्र हटवायचंही काम अंगावर घेतलं होतं. त्या कामात एवढा पैसा बुडाला, की खुर्शेद नरिमन यांनी खात्याच्या कारभाराचे जाहीर वाभाडे काढले. आणि घरं? ५०,००० ऐवजी उभ्या राहिल्या २०७ चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, म्हणजे चाळीत ८०. सगळ्या मिळून सोळा हजारांवर.

नकाशा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गिरगावातल्या जुन्या चाळी तुम्ही सिनेमात पाहिल्या असतील. लाकडी कठडे, उघडी गॅलरी, खाली चौक. बीडीडी तशी नाही. ही सिमेंट काँक्रीटची. मधोमध लांब पॅसेज, त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दहा-दहा दारं. संडास मजल्यावर सामाईक. पॅसेजमध्ये भर दुपारी दिवा लावावा लागायचा.

कामगार या चाळींवर तुटून पडले असतील असं वाटतं ना? नाही. वरळी तेव्हा गावाबाहेर होती. गिरण्या लांब, बाजार नाही आणि मिळकतीच्या मानाने भाडं जास्त. कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या. इतक्या, की मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रहींना तिथे कोंडलं. घर म्हणून बांधलेली वास्तू तुरुंग म्हणून चालून गेली, यातच त्या नकाशाबद्दल बरंच काही आलं.

मग पॅसेजला जीव कुणी आणला? तिथे राहायला आलेल्या माणसांनी. आणि हौसेने नाही, गरजेने.

पाण्याचंच बघा. मावशीकडे पहाटे पाणी यायचं. हंडे, कळश्या, डबे रात्रीच नंबराला लागायचे. माणूस झोपलेला, त्याचा डबा रांगेत. कुणाचा डबा कुठला हे सगळ्यांना पाठ. आजारी माणसाच्या घरचं पाणी कुणी भरायचं, बाळंतिणीला आधी द्यायचं का, कुणी नंबर मोडला तर काय करायचं, याचे नियम कुठेही लिहिलेले नव्हते. पण ते मोडले तर पुढचा आठवडाभर मजल्यावर बोलणं बंद. ‘चाळीत किती प्रेमाने राहायचे लोक’ असं कुणी म्हटलं की मला ही नळावरची भांडणं आठवतात. प्रेम होतं. पण त्याच्या आधी नंबर होता.

दुसरी गोष्ट गावकऱ्यांच्या खोलीची. कोकणातून, घाटावरून पुरुष एकटे यायचे. बायकामुलं, शेती गावाला. एकेका गावच्या मंडळींनी मिळून एक खोली धरायची. भिंतीला ओळीने ट्रंका, वर खुंट्यांवर कपडे. एकाची रात्रपाळी सुरू झाली की त्याच्या जागेवर दिवसपाळी संपवून आलेला झोपणार. १६० चौरस फुटांत वीस-पंचवीस माणसं ‘राहायची’, ती या हिशोबाने. गावात शाळेची खोली बांधायची, देवळाचं छप्पर बदलायचं, कुणाचं प्रेत गावी न्यायचं, त्याची वर्गणी याच खोलीत जमायची. कितीतरी ग्रामस्थ मंडळांचा जन्म अशाच खोल्यांतला. आजही गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं बुकिंग यांच्यातलेच कुणीतरी करतात.

या माणसांना जेवायला घालायच्या खानावळवाल्या बाया. बहुतेकींचा नवरा गिरणीत, नाहीतर नवरा नाहीच. खोलीतच दहा-पंधरा जणांचं जेवण. पैसे महिन्याने, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. कामगारांच्या संपात हिशोब थांबायचा, पण बायांनी जेवण थांबवलं नाही. गिरणगाव उभं राहिलं म्हणताना यांचं नाव क्वचित येतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला काही नसलेल्या बाईला बँकेच्या टेबलासमोर खुर्ची मिळणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

इथवर सगळं छान वाटतंय. पण इथे थांबले तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल.

लहानपणी आम्ही जांबोरी मैदानात खेळायचो. काही चाळींकडे मात्र जायचं नाही, असं घरून सांगितलेलं. का, ते कुणी सांगायचं नाही. ‘तिकडे काय काम आहे तुझं?’ एवढंच. मोठी झाल्यावर समजलं, की ‘तिकडे’ म्हणजे बौद्ध वस्ती जास्त असलेल्या चाळी. पाणी, संडास, गिरणी, संप सगळं सारखं, पण चाळींमधून जातीच्या रेघा गेलेल्या होत्या. गावच्या माणसाने गावच्या माणसाला खोली मिळवून द्यायची, हा जो आधार मी आत्ता कौतुकाने सांगितला, त्याचीच ही दुसरी बाजू. गावकीची खोली म्हटली की गावातली जात तिच्याबरोबर शहरात येणारच.

५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या या चाळींमध्ये दलित पँथरची सभा होती. पँथर १९७२ ला स्थापन झालेली, लोकसभेची पोटनिवडणूक तोंडावर आणि पँथरने तिच्यावर बहिष्कार घातलेला. सभेवर दगडफेक झाली. पोलीस आले, मारहाण झाली आणि दंगल पेटली. १० जानेवारीला निषेधाच्या मोर्चावर परळमध्ये वरून दगड आला. त्यात भागवत जाधव हा पँथरचा तरुण कार्यकर्ता गेला. हाणामाऱ्या पुढे नायगावपर्यंत पोहोचल्या. पोलिसांची कुटुंबंही याच चाळींमध्ये राहात होती, त्यामुळे पोलीस कुणाच्या बाजूने उभे राहिले हा प्रश्न तेव्हा जोरात विचारला गेला. सरकारने न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला.

मी मावशीला याबद्दल विचारलं. ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘नळावर रोज भेटायचो गं आम्ही त्या बायांना. त्या महिन्यात कुणी कुणाकडे बघत नव्हतं.’’ यावर तिने काही जोडलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे २.५ लाख कामगार बाहेर पडले. तो भाग आपण वेगळा केलाय, म्हणून इथे थोडक्यात. भोंगे बंद झाले, काकांची नोकरी गेली, गावकऱ्यांच्या खोल्यांमधली माणसं एकेक करून गावाला परतली. खोल्या मात्र राहिल्या. त्यांच्यात आता कुटुंबं आली. बायका शिवणकामाला, पापड लाटायला लागल्या आणि ते पापड वाळत पडायचे कुठे? गच्चीवर, पॅसेजच्या टोकाला. घराचा बाहेरचा निम्मा भाग आता कारखानाही झाला.

काँक्रीट मात्र म्हातारं होत होतं. छताचे पोपडे पडायचे, सळया दिसायच्या. रात्री संडासला जायचं म्हणजे पोरीबाळींना सोबत लागायची. मावशीला गुडघेदुखी झाल्यावर तर तो पॅसेज मैलभर लांब झाला. जुन्या चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांना, त्यात मीही आले, हे कुणीतरी सांगायला हवं. पन्नास वर्षं बादली घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई त्या चाळीसाठी रडत नाही.

२२ एप्रिल २०१७ ला पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं, ते त्याच जांबोरी मैदानात. काम म्हाडाकडे, घर ५०० चौरस फुटांचं. मग वर्षं गेली. पात्रता-अपात्रता, भाडेपावती कुणाच्या नावावर, आजोबांच्या नावाची खोली नातवाच्या नावावर कशी करायची. शिवडीच्या चाळी तर बंदराच्या जमिनीवर आहेत, त्यामुळे तिथलं गाडं मागे राहिलं. शेवटी १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. मावशी त्यातली एक.

मी गेले होते बघायला. दोन बेडरूम. स्वतःचा संडास, आणि तोही एक नाही, दोन. मावशीने मला सगळ्यात आधी तेच दाखवलं, मोठ्या ऐटीत. नळ सोडून दाखवला, बंद केला, परत सोडला. खिडकीतून खाली अजून न पाडलेल्या चाळी दिसत होत्या. इतक्या वरून त्या आगपेट्या वाटतात.

‘‘शेजारी कोण आहे?’’ मी विचारलं.

‘‘लॉटरीने आलेत गं घरं. आपल्या मजल्यावरचं कुणीच नाही इथे. समोर एक बाई आहेत.’’ मग जरा आवाज उतरवून, ‘‘त्या तिकडच्या चाळीतल्या.’’

म्हणजे सोडतीच्या चिठ्ठीने सगळी पत्ते पिसल्यासारखी पिसून टाकली होती. ना गाव, ना मजला, ना ‘तिकडे’. मला मनातून बरं वाटलं, पण मावशीच्या चेहऱ्यावर तसं काही दिसेना. तिला पडलेले प्रश्न वेगळे होते. मेंटेनन्स किती येणार? पापड कुठे वाळवायचे? आणि उद्या घरात कुणी गेलं, तर माणसं जमणार कुठे, लिफ्टपाशी?

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या बाई. हातात रिकामी बाटली. त्यांच्या पिण्याच्या नळाला पाणी येत नव्हतं, प्लंबर संध्याकाळी येणार होता. मावशी उठली, बाटली घेतली आणि स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, ‘‘एकीने काय होतंय तुमचं? हंडा आणा.’’