वर्धा खोऱ्यातील सिमेंट आणि न दिसणारा वायू

१/ सिमेंट भट्टीच्या धुराड्यातून उडणारी धूळ साऱ्या गावाला दिसते. त्याच धुराड्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड सहसा दिसत नाहीत. कायद्यालाही ते फार उशिरा दिसले. या विलंबाची कथा वर्धेच्या एका लोहमार्गापासून सुरू होते.

२/ १८७० च्या दशकात वर्धेहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रूळ टाकले गेले. मार्गाचे नावच होते ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. वरोऱ्याचा कोळसा बाहेर नेणे हा तिचा मुख्य हेतू. हा पट्टा आज ‘वर्धा खोरे कोळसाक्षेत्र’ म्हणून ओळखला जातो.

३/ याच खोऱ्यात, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा-कोरपना भागात, चुनखडीचे मोठे साठे आहेत. कच्चा माल आणि इंधन जवळजवळ मिळाल्याने कारखाने आले. १९८३ मध्ये आवारपूर येथे लार्सन अँड टुब्रोचा सिमेंट कारखाना सुरू झाला. गडचांदूरला माणिकगड उभा राहिला.

४/ क्लिंकर तयार होण्यास सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमान लागते. भट्टीतील ज्योत त्याहून कितीतरी तप्त असते. त्या उष्णतेत हवेतीलच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. रशियन शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी १९४६ मध्ये ही प्रक्रिया उलगडून दाखवली. कोळशातील नायट्रोजनाची त्यात भर पडते.

५/ हे ऑक्साइड श्वसनमार्गाला अपायकारक असतात. उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, पावसात आम्ल मिसळते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते ‘अतिगंभीर प्रदूषित’ ठरले. त्यात वीजकेंद्र आणि खाणींचाही वाटा होता.

६/ उपाय ज्ञात होते. ज्वलन टप्प्याटप्प्याने करायचे, म्हणजे वायू मुळातच कमी बनतो. किंवा सुमारे ८५० ते १०५० अंशांच्या झोतात अमोनिया अथवा युरियाचे द्रावण फवारायचे. कपाशीला घातला जाणारा युरिया येथे त्या ऑक्साइडचे पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर करतो. मात्र तापमान कमी पडले तर अमोनियाच बाहेर निसटतो. जास्त झाले तर उलट ऑक्साइडच वाढतात.

७/ तोवर सिमेंट भट्ट्यांसाठीचे राष्ट्रीय मानक मुख्यतः धुळीपुरते होते. ऑगस्ट २०१४ च्या अधिसूचनेने नायट्रोजन ऑक्साइडला मर्यादा घातली: नव्या भट्ट्यांना प्रति सामान्य घनमीटर ६०० मिलिग्रॅम. २०१६ च्या सुधारणेनंतर जुन्या भट्ट्यांना, तंत्रानुसार, ८०० किंवा १००० ची मुभा राहिली.

८/ आवारपूरची भट्टी पेटल्यापासून या मर्यादेपर्यंत ३१ वर्षे गेली. तेवढ्या काळात खोऱ्यात एक पिढी जन्मून मोठी झाली. त्या काळात या वायूसाठी राष्ट्रीय मर्यादा त्या धुराड्यांवर नव्हती.