साहाय्याचा अर्ज : सातारा-सांगली परिसरातील सार्वजनिक संस्थांच्या इतिहासाचे एक साधन

सार्वजनिक संस्थांचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक संस्थापकांची चरित्रे, समारंभांतील भाषणे आणि महोत्सवी स्मरणग्रंथ यांवर मुख्यतः भिस्त ठेवतात. संस्थांनी द्रव्यसाहाय्यासाठी वेळोवेळी केलेले अर्ज मात्र दप्तरांतच पडून राहतात. वस्तुतः आपली गरज, आपले बळ आणि आपला हिशोब या तिन्ही गोष्टी परक्यापुढे एकत्र मांडण्याची वेळ संस्थेवर येते ती अर्ज करतानाच. दात्याने मागणाऱ्याची पात्रता कशावरून ठरवावी, याचे निकष काळानुसार कसे पालटले आणि त्यांना या परिसराने कोणते उत्तर दिले, याचा संक्षिप्त विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. सातारा व सांगली यांचा एकत्र विचार करण्याचे कारण उघड आहे. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ साली उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले.

मराठेशाहीत विद्येला व धर्मकृत्याला मिळणारे साहाय्य सनद, इनाम, वर्षासन किंवा दक्षिणा या रूपांनी मिळे. तेथे पात्रता व्यक्तीची अथवा कुलाची असे. कार्याचा वृत्तान्त सादर करण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. इंग्रजी अमलात ही स्थिती पालटली. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम चौकशीस कायद्याचे अधिष्ठान मिळाले. तेव्हा पिढीजात उपभोग पुरेसा नसून कागद दाखविला पाहिजे, हा धडा दक्षिण महाराष्ट्राला मिळाला. याच सुमारास पुण्यात, १८४९ साली, लोकहितवादी प्रभृतींनी दक्षिणेच्या रकमेचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांकडे वळवावा असा अर्ज सरकारकडे केला. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. दान कोणाला द्यावे, या प्रश्नाऐवजी ते कोणत्या कार्यासाठी द्यावे, हा प्रश्न येथे प्रथमच स्पष्टपणे पुढे आला, असे म्हणावयास हरकत नाही.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानपद्धतीचा पाया घातला. स्थानिक व्यवस्थापन असावे, सरकारी तपासणी मान्य करावी आणि विद्यार्थ्यांकडून अल्प का होईना, फी घ्यावी, या तिच्या प्रमुख अटी होत. यांपैकी शेवटची अट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. लोक ज्यासाठी काही देतात त्याचीच त्यांना किंमत वाटते, हे तिच्यामागील गृहीतक होते. परंतु ज्याच्या घरी फी भरण्याचे सामर्थ्य नाही, त्याने आपला वाटा कोणत्या रूपाने द्यावा? या प्रश्नाचे उत्तर खलित्यात नव्हते. ते पुढे या परिसरातील एका संस्थेने दिले.

भाऊराव पाटील यांच्या कार्याचा आरंभ आजच्या सांगली जिल्ह्यातील दूधगाव येथील विद्यार्थ्यांच्या आश्रमापासून होतो. त्यानंतर वाळवे तालुक्यातील नेर्ले आणि कऱ्हाड तालुक्यातील काले येथे वसतिगृहे निघाली. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत. १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. या वसतिगृहासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिनेही मोडले. गावोगाव धान्य जमविणे आणि मुलांनी श्रम करून शिकणे, हे या संस्थेचे मूळ भांडवल होय. ‘कमवा आणि शिका’ ही योजना केवळ शिक्षणशास्त्रीय प्रयोग म्हणून पाहणे अपुरे ठरेल. फीच्या जागी श्रम ठेवून दरिद्री विद्यार्थ्यालाही आपला वाटा उचलणारा घटक बनविणारी ती एक आर्थिक रचना होती.

१९३५ साली संस्थेची नोंदणी १८६० च्या एकविसाव्या कायद्याखाली झाली. या घटनेचे महत्त्व चरित्रकारांच्या ओघवत्या कथनात लपून जाते. नोंदणी होईपर्यंत मागणारा हा एक थोर पुरुष असतो. नोंदणीनंतर मागणारी संस्था असते. तिला घटना, कार्यकारी मंडळ आणि लेखापरीक्षा असावी लागते. संस्थापकाच्या हयातीनंतरही तिच्याशी व्यवहार करता येतो, ही खात्री दात्याला मिळते ती यामुळेच.

दात्यांच्या बाजूनेही याच काळात समांतर परिवर्तन घडत होते. मिरजेस १८९४ साली डॉ. वानलेस यांनी उभारलेले रुग्णालय परदेशस्थ मिशनच्या आधारावर चालले; दूरस्थ दात्याला नियमित अहवाल पाठविण्याची प्रथा तेथे स्वाभाविकच होती. मुंबईत सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ मध्ये, तर सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ मध्ये निर्माण झाला. दात्याच्या मृत्यूनंतरही दान चालू ठेवणारी ही रचना होय. येथे दात्याच्या दयेला आवाहन करून भागत नाही. न्यासाच्या उद्दिष्टांत आपले कार्य बसते, हे विश्वस्तांना पटवून द्यावे लागते.

तथापि अर्ज मंजूर होणे म्हणजे सुरक्षित होणे नव्हे. १९४८ साली, गांधीहत्येनंतरच्या क्षुब्ध वातावरणात, मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबविले. गाडगे महाराजांनी बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली, असे चरित्रकार सांगतात. अनुदान पुढे पूर्ववत सुरू झाले. या प्रसंगातील राजकीय बाजूची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, लोकांचे धान्य व विद्यार्थ्यांचे श्रम हा आधार ज्या संस्थेने आधीपासून जोपासला होता, ती अनुदान खंडित होऊनही मोडली नाही.

१९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने हा इतिहास एका टप्प्यावर आला. दारिद्र्यनिवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि सार्वजनिक उपयुक्ततेची इतर कार्ये यांस धर्मादाय हेतू म्हणून मान्यता मिळाली. नोंदणी, हिशोब, लेखापरीक्षा आणि विश्वस्तांतील बदलांची नोंद यांचे बंधन आले. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रकमेची सामाजिक जबाबदारी घातली, तेव्हा एक नवा दातावर्ग उभा राहिला. आज एखाद्या प्रतिष्ठानाकडे अर्ज करणाऱ्या संस्थेला नोंदणीचे प्रमाणपत्र, घटनेची प्रत, मागील वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, करसवलतीचे दाखले, कार्याचा आराखडा, अंदाजपत्रक आणि स्वतःचा वाटा हे सारे सामान्यतः मांडावे लागते. या यादीतील प्रत्येक बाबीमागे वर वर्णिलेल्या इतिहासाचा एकेक थर आहे: कागदाचा आग्रह इनाम चौकशीचा, तपासणीचा वुडच्या खलित्याचा, संस्थात्मक व्यक्तित्वाचा १८६० च्या कायद्याचा.

या परिवर्तनाने दान व्यक्तिनिरपेक्ष झाले, हा मोठाच लाभ होय. परंतु त्याची दुसरी बाजूही दृष्टीआड करता येत नाही. माण, खटाव, जत, आटपाडी यांसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील लहान संस्थेजवळ कार्य असते, लोकांचा विश्वास असतो. परंतु अंदाजपत्रक मांडणारा लेखनिक नसतो. सनदेच्या काळात कुल पाहिले जाई, आता अर्जाची भाषा पाहिली जाते, असे होऊ लागले तर निकष बदलले तरी अन्याय उरेलच. दूधगावच्या आश्रमाला त्याच्या आरंभीच्या दिवसांत आजचा अर्ज भरता आला असता काय, हा प्रश्न प्रत्येक न्यासाच्या विश्वस्तांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

म्हणूनच मंजूर अर्जांइतकेच नामंजूर अर्जही संशोधकांनी पाहिले पाहिजेत. संस्थांच्या कार्यालयांतील जुनी दप्तरे वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी त्यांच्या सूची तयार करण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. ज्यांना साहाय्य मिळाले त्यांच्या संस्था झाल्या. ज्यांना मिळाले नाही, त्यांचा इतिहास त्या एका कागदावरच शिल्लक असण्याचा संभव आहे.