पदरापासून क्यूआर कोडपर्यंत

सोमवारी बेल्ह्याचा बाजार भरतो. बैलांच्या सौद्यातून उसंत मिळाली की चहाच्या टपरीवर मोबाईल बाहेर निघतात आणि अधूनमधून एखाद्यातून माईंचा खणखणीत आवाज ऐकू येतो. अनाथांच्या माई सिंधुताई सपकाळ 4 जानेवारी 2022 ला गेल्या; यूट्यूबवर त्यांची भाषणं चालूच आहेत.

पोटुशी असताना नवऱ्याने घराबाहेर काढलं, गोठ्यात बाळंतपण झालं, रेल्वेत गाणी म्हणून पोट भरलं, हे सगळं महाराष्ट्राला पाठ आहे. त्यांच्या संस्थेच्या वाटचालीत मोलाचं आहे ते त्यानंतरचं. आपपरभाव होऊ नये म्हणून माईंनी पोटची लेक ममता पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टच्या हवाली केली आणि स्वतः परक्या लेकरांची आई झाल्या. 1994 मध्ये पुरंदर तालुक्यात कुंभारवळणला मुलांसाठी घर उभं राहिलं, त्याला नाव दिलं ‘ममता बाल सदन’. शिवाय मांजरीला सन्मती बाल निकेतन, चिखलदऱ्याला मुलींचं वसतिगृह. मांजरीच्या पत्त्यात ‘बेल्हेकर वस्ती’ आहे, याचं आम्हा बेल्हेकरांना उगाचच अप्रूप.

सरकारी अनुदानावर हा संसार चालला नाही. माई गावोगाव भाषणं करत आणि त्या भाषणांवरच लेकरांचं राशन भरे. हे त्या स्वतःच सांगत. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, तोंडात बहिणाबाई, मध्येच सुरेश भटांचा शेर. सभागृह हसता हसता रडायला लागलं की व्यासपीठावरूनच पदर पसरायचा. सप्ताह आणि तमाशा दोन्हींना गर्दी करणाऱ्या आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हा बाज परका नव्हता. कीर्तन रंगलं की खिशात हात जातोच.

2010 मध्ये अनंत महादेवन यांचा ‘मी सिंधुताई सपकाळ’ हा चित्रपट आला. लंडनच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि गोष्ट मराठीच्या वेशीबाहेर पडली. मग भाषणांचे तुकडे यूट्यूबवर, तिथून व्हॉट्सअॅपवर. पूर्वी श्रोता सभेतच नोट टाकायचा. आता दुबईतला नातू आजीला तुकडा पाठवतो आणि आजीच्या नावाने देणगी देतो. 2021 मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या सोळा कोटींच्या औषधासाठी अनोळखी लोकांनी ऑनलाइन पैसे उभे केले, तेव्हा एका गोष्टीने काय होऊ शकतं हे सगळ्यांनीच पाहिलं.

पण त्या मोहिमेत आई-वडील आपल्याच बाळासाठी बोलत होते. अनाथाश्रमातल्या मुलाच्या वतीने बोलणाऱ्याने हात राखूनच बोलावं. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायला वा दाखवायला मनाई करतं; मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी रडणाऱ्या पोराचा चेहरा आणि खाली क्यूआर कोड, अशा जाहिराती मोबाईलवर रोज आदळतात. माईंचा मोठेपणा मला इथे दिसतो. त्यांनी गहाण टाकली ती स्वतःची गोष्ट. गोठा त्यांचा, भूक त्यांची, लाज त्यांची. पैसे आले ते या गोष्टीवर, आणि लेकरांच्या जखमा चव्हाट्यावर मांडायची पाळी आली नाही.

आता सांगणारी नाही. ममताताई आणि माईंच्या हाताखाली वाढलेली मुलं संस्था सांभाळतात. 2021 ची पद्मश्री, 2023 ची दूरचित्रवाणी मालिका यांमुळे नाव ताजं राहिलं. पण नावाने वीजबिल भरत नाही. देणगीदाराला वाढदिवसाचं जेवण घालायला आवडतं, केकसोबतचा फोटो आवडतो. आपल्याकडचा शेतकरी कांद्याची गोणी देतो, ती बरी. निदान तिचा फोटो निघत नाही.

खरी अडचण मोठ्या झालेल्या मुलांची. कायद्याच्या हिशेबात अठरा वर्षं पूर्ण झाली की मूल बालगृहातून बाहेर. माईंनी अठराव्या वर्षी कुणाला दार दाखवलं नाही. शिक्षण, नोकरी, लग्न होईपर्यंत घर तेच. हा खर्च सगळ्यांत मोठा आणि ऑनलाइन मागायला सगळ्यांत अवघड. चार वर्षांच्या मुलीला पाहून बोट आपोआप ‘पाठवा’वर जातं, मिसरूड फुटलेल्या पोराच्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची फी मागितली की पोस्ट वर सरकवली जाते.