वल्हांडणाच्या उंबरठ्यावरील शब्बाथ : कोकणातील एक आचार

रत्नागिरीच्या उत्तरेस, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. वल्हांडणाचा पूर्वदिन शनिवारी आला, जसा तो २०२५ साली आला, म्हणजे यहुदी गृहिणीपुढे पेच पडतो : घरातील खमीर बहुतेक निघालेले, बेखमीर भाकर त्या दिवशी वर्ज्य, आणि शब्बाथला मुक्कामी आलेले पाहुणे तर जेवावयाचे. तांदूळ मात्र खमीर धरणाऱ्या पाच धान्यांत मोडत नाही. अश्केनाझी परंपरा तो टाळते, तरी भातखाऊ कोकणात शुक्रवारी रांधलेल्या भाताने हा पेच सैल होतो. येथील खरी दक्षता निराळीच होती. केहिमकरांच्या इतिहासात वल्हांडणाचे जुने नाव ‘अनशी ढाकाचा सण’ असे येते. आंबट रसाचे भांडे आठ दिवस झाकून ठेवीत. कारण विस्मरणात गेले. आचार मात्र स्वयंपाकघराने राखला.