सांगाडा तोच, गाडी नवी

1 जून 1948. सकाळचे आठ वाजत आले आहेत आणि तुम्ही अहमदनगरच्या माळीवाड्यात उभे आहात. समोर एसटीची पहिली गाडी आहे, बेडफर्डची. तिच्या अंगावर हात ठेवून बघा, लाकूड लागेल. वर कापडी छप्पर, आत काथ्याच्या बैठका, तीस माणसांची सोय. चालकाच्या जागेवर किसन राऊत बसलेत आणि तिकिटं द्यायला लक्ष्मण केवटे आहेत. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री आहेत आणि सरकारनं ठरवलंय की प्रवासी वाहतूक आपणच करायची. आजवर मोटार मालकाच्या मर्जीनं सुटायची. आजची गाडी घड्याळाच्या काट्यावर सुटणार आहे, भरली नाही तरी.

तुम्ही खिडकीजवळ बसता. केडगाव मागं पडतं, मग चास, मग कामरगावचा घाट. चढाला गाडी कण्हते आणि लाकडाचे सांधे करकरायला लागतात. गाडी थांबते तिथं माणसं जमलेली असतात. सवाष्णी पंचारती घेऊन पुढं येतात, कुणी बॉनेटवर हळदकुंकू वाहतं. सुपं, शिरूर, लोणीकंद असं करत तुम्ही पुण्यात शिरता. तिथं पोलीस बंदोबस्त आहे, कारण या एका गाडीमुळं आपला धंदा बसेल अशी भीती वाटणारे खासगी वाहतूकदार शहरात बरेच आहेत.

उतरताना पायरीशी थोडं थांबा आणि ती करकर आठवा. आज सगळे हारतुऱ्यांत आहेत, पण या गाडीचं म्हातारपण घाटातच सुरू झालंय. खडीचा रस्ता, जूनची धूळ, मग पाऊस. लाकूड फुगेल, आकसेल, खिळे सैल होतील. ती बदलायला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न पहिल्या फेरीबरोबरच रस्त्यावर आलाय आणि तो पुढं कधीच पूर्ण सुटणार नाही.

आता काही वर्षं पुढं चला. मिळेल ते वाहन घेऊन उभारलेला ताफा कसा असतो ते बघा. शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट. दहा घरच्या दहा तऱ्हा. एकीचा गिअर दुसरीला बसत नाही, एकीचा पट्टा दुसरीला चालत नाही. मिस्त्रीला दहाही गाड्यांचं पोट ठाऊक असावं लागतं. पैसे कमी असताना सुट्या भागांची दहा कपाटं ठेवणं म्हणजे पैसा गंजत ठेवणं, हे एसटीला त्या काळात फार लवकर कळलं असणार.

तुम्हाला साठच्या दशकात, पुण्याजवळच्या दापोडीच्या कार्यशाळेत न्यायचंय. इथं जरा रेंगाळा, कारण एसटी तगली ती इथं.

फाटकातून एक चासी आत येतेय. चासी म्हणजे नुसता सांगाडा: इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि दोन लांबलचक लोखंडी पट्ट्या. ना छप्पर, ना काच. चालक लाकडी खोक्यासारख्या आसनावर बसून, तोंडाला उपरणं गुंडाळून, डोळ्यांना गॉगल लावून कारखान्यापासून इथवर ऊनवारा खात आलाय. तो उतरतो, कपडे झटकतो, सही करतो आणि चहाला जातो. सांगाडा शेडमध्ये ढकलला जातो. मग सुतार, वेल्डर, पत्रेवाले, रंगारी त्याच्याभोवती जमतात. फ्रेम उभी राहते, पत्रे रिव्हेटनं ठोकले जातात, ठोक्यांच्या आवाजात तुम्हाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. लाकडाच्या जागी पोलाद आलंच होतं, पण कोकणच्या खाऱ्या हवेत पोलाद गंजतं, म्हणून आता ॲल्युमिनियम. निळा-चंदेरी रंग जाऊन लाल येतोय. पुढं लोक जिला लालपरी म्हणतील, आणि रागावले की लाल डबा, ती अशा शेडमधून बाहेर पडते. दापोडी, औरंगाबादचं चिकलठाणा आणि नागपूरचं हिंगणा या तिन्ही मध्यवर्ती कार्यशाळा एसटीच्या स्वतःच्या.

तिथल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला विचारा, "मास्तर, गाडी म्हातारी झाली म्हणजे काय झालं हो?"

तो हसणार नाही. नीट सांगेल. "गाडी एकदम म्हातारी होत नाही. आधी पत्रा जातो, मग सीट, मग इंजिनाचा दम. चासी मजबूत असेल तर बाकीचं आपण बघून घेऊ."

हे साधं उत्तर नीट ऐका. एसटीचा सगळा हिशेब त्यात आहे. पूर्ण नवी गाडी घ्यायला एकरकमी पैसा लागतो, आणि तो नसतो. मग जे झिजलं तेवढंच बदलायचं. इंजिन उतरवून दुरुस्त करायचं, टायर गुळगुळीत झाला की त्यावर नवा रबर चढवायचा, अपघातात गेलेल्या गाडीची शाबूत बाकं दुसरीला लावायची. पैशाची उणीव माणसांच्या हातातल्या कसबानं भरून काढायची. मला ही गोष्ट आजही थोर वाटते. विमानाच्या कारखान्यांचं कौतुक होतं, दापोडीच्या शेडवर कुणी दोन ओळी लिहिल्याचं सहसा दिसत नाही.

आता ऐंशीच्या दशकात या. दिल्लीच्या एशियाडनंतर निमआराम गाड्या आल्यात, लोक त्यांना एशियाडच म्हणतात. तुम्ही मात्र त्यातल्या एकीतही नाही. तुम्ही अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला, मुक्कामी गाडीत आहात. ही गाडी नवी होती तेव्हा लांबच्या मार्गावर पळायची. मग तालुक्याच्या गावांत आली, आता वाडीवस्तीवर. एसटीत गाड्यांची उतरंड अशीच असते: कोरी गाडी लांबच्या फेरीला, आणि थकली की खेड्याकडं. खिडकीची काच वर केली की खाली घसरते. मागच्या बाकावर बसलात तर खड्ड्याला डोकं टपाला लागेल.

तरी ती आलीय. रात्री गावात थांबते, चालक आणि कंडक्टर देवळाच्या ओसरीवर अंथरूण टाकतात, कुणाच्या तरी घरून भाकरी-पिठलं येतं. पहाटे डबल बेल वाजते. टपावर भाजीच्या पाट्या, आत दुधाच्या किटल्या, आणि चालकाच्या पाठीमागं कापडात बांधलेले डबे. नगरला खोली घेऊन शिकणाऱ्या पोराचा डबा. "मास्तर, स्टँडवर पोरगं येईल, तेवढं द्या," एवढं सांगून आई परत फिरते. गाव तेथे एसटी असं नुसतं म्हणायला सोपं आहे. ती ओळ खरी ठेवायला हीच खिळखिळी गाडी रोज निघावी लागते.

काळ पुढं सरकवा, 2018 च्या आसपास. पुन्हा दापोडी. ॲल्युमिनियमची जुनी बॉडी उतरवलीय आणि त्याच चासीवर पोलादी, म्हणजे एमएस बांधणीची बॉडी चढतेय. उलटण्याच्या अपघातात ॲल्युमिनियमचा पत्रा कागदासारखा फाटतो, पोलाद टिकून राहतं. लाकडाकडून पोलादाकडं, पोलादाकडून ॲल्युमिनियमकडं आणि पुन्हा पोलादाकडं अशी सत्तर वर्षांची फेरी या शेडमध्ये पूर्ण झालीय. सांगाडा अजूनही तोच.

पण बाहेर हिशेब बिघडलाय. तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारला जातो, डिझेल चढतं, आणि नवी गाडी घेण्यासाठी बाजूला टाकायचा पैसा पगारात आणि इंधनात जिरतो. त्यात शिवशाही गाड्यांच्या निमित्तानं भाड्याची गाडी आलीय: गाडी खासगी मालकाची, चालकही त्याचा, एसटीचा फक्त कंडक्टर.

2020 आणि 2021 ही वर्षं लवकर ओलांडू, पण नोव्हेंबर 2021 मध्ये नगरच्या तारकपूर आगारात क्षणभर उतराच. संप आहे. एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण करा, ही कर्मचाऱ्यांची मागणी. फाटकाबाहेर माणसं बसलीत, आत गाड्या रांगेनं उभ्या. आधी टाळेबंदीत उभ्या होत्या, आता पुन्हा. उभी गाडी जास्त लवकर म्हातारी होते, हे कुठल्याही मिस्त्रीला विचारा. बॅटरी उतरते, टायर एका जागी बसतात, रबरी नळ्या तडकतात. एप्रिल 2022 मध्ये माणसं कामावर परतली तेव्हा सगळ्या गाड्या परतल्या नाहीत. करोनाआधी अठरा हजारांवर असलेला ताफा पंधरा-सोळा हजारांच्या घरात येऊन ठेपला. आणि 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी संपवणारा केंद्राचा नियम लागू झाला. चासी मजबूत असली तरी आता वय बघितलं जाणार.

त्याआधी एक दिवस बघून घ्या. 1 जून 2022. तोच नगर-पुणे रस्ता. तुम्ही शिवाईत बसला आहात, एसटीच्या पहिल्या विजेवरच्या गाडीत. बारा मीटर लांब, त्रेचाळीस आसनं, वातानुकूलित. कामरगावच्या घाटात कान टवकारा. कण्हणं नाही, करकर नाही. 1948 ला याच दिवशी याच चढावर जे ऐकलं होतं त्यातलं काही नाही. मनापासून आनंद होतो. आणि त्याबरोबर एक गोष्ट टोचते: ही गाडी एसटीची नाही. कंत्राटदाराची आहे, एसटी तिचे किलोमीटरप्रमाणे पैसे देते. बिघडली तर ती दापोडीला जाणार नाही.

विमान कंपन्यांनी ही वाट कधीच धरली आहे. इंडिगोनं 2005 मध्ये हाती फारसं काही नसताना शंभर विमानांची मागणी नोंदवली, आणि आलेली विमानं विकून तीच भाड्यानं परत घेतली. ताफा कायम तरुण राहिला. खिशात कमी पैसा असणाऱ्याला हा मार्ग खुणावणारच. पण विमान कंपनीला न परवडणारा मार्ग बंद करता येतो. एसटीला पारनेरच्या माळावरची वाडी बंद करता येत नाही, आणि किलोमीटरला ठरलेले पैसे मोजायचे म्हटल्यावर पहिली कात्री त्या वाडीच्याच फेरीला लागण्याचा धोका असतो. भाड्याच्या गाड्यांना माझा सरसकट विरोध नाही. पण दुरुस्तीचं कसब एकदा हातातून गेलं की भाव ठरवण्याची ताकदही जाते, एवढं मला पक्कं वाटतं.

आता 2025 मध्ये या. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय. भाडं 25 जानेवारीपासून 14.95 टक्क्यांनी वाढलंय. महिलांना निम्मं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, त्यामुळं गाड्या तुडुंब आहेत. संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेलाय. 5,150 विजेच्या गाड्या भाड्यानं घेण्याचा करार झालाय, पण गाड्या ठरल्या वेळेला आल्या नाहीत. 1,310 गाड्या भाड्यानं घेण्याच्या प्रस्तावाला मुख्यमंत्र्यांनीच स्थगिती दिली. आणि या सगळ्यात एक जुन्या वळणाचा निर्णय झालाय: एसटीनं स्वतःच्या मालकीच्या गाड्या घेतल्या. अशोक लेलँडच्या 2,104 गाड्या, 981 कोटी रुपयांच्या. म्हणजे एक गाडी सेहेचाळीस लाखांच्या पुढं. फरक एवढाच की त्या कारखान्यातून पूर्ण बांधून येताहेत. उपरण्यानं तोंड गुंडाळलेला चालक आता दिसत नाही.

संध्याकाळी आगार व्यवस्थापकाच्या टेबलाशी उभे राहा. समोर उद्याच्या फेऱ्यांचा तक्ता आहे. नव्या गाड्या आल्यात, थोड्याच. पुण्याच्या फेरीला दिल्या तर उत्पन्न येतं, वरिष्ठ खूश होतात. बाहेर बाकावर आठवी-नववीच्या मुली बसल्यात. त्यांच्या दप्तरात अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. ज्यांच्या नावाचा तो पास, त्या याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या. सव्वापाचची गाडी ब्रेकडाऊन आहे. पुढची सातला. नोव्हेंबरात सातला अंधार असतो, आणि फाट्यापासून वस्ती दीड-दोन किलोमीटर. हे असं महिनाभर चाललं की शाळा सोडवणारी घरं आहेत, आणि त्यांना दोष देणं सोपं नाही.

तुम्हाला वाटतं, विचारावं. विचारा.

"साहेब, सव्वापाचला एखादी नवी गाडी देता येणार नाही का?"

व्यवस्थापक तक्त्यावरून पेन्सिल फिरवतो. "नवी दिली तर उद्या पुण्याची एक फेरी रद्द. जुनी आहे, पण तिचा गिअरबॉक्स उतरवलाय. मिस्त्री दोनच राहिलेत. परवापर्यंत करतो म्हणालेत."

"आणि उद्या?"

तो पेन्सिलीनं पुण्याच्या एका फेरीवर रेघ मारतो, शेजारी गावाचं नाव लिहितो आणि वाहतूक नियंत्रकाला हाक मारतो.