कलंक खेळाचा नव्हे, अड्ड्याचा

स्वतःला ‘गेमर’ म्हणवून घेताना आजही अनेक जाणती माणसं अडखळतात. हा संकोच व्हिडिओ गेमपेक्षाही जुना आहे. १९४२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी नाणं टाकून खेळायच्या पिनबॉल यंत्रांवर बंदी आणली आणि जप्त यंत्रं छायाचित्रकारांसमोर घणाने फोडली. हा जुगार आहे, पोरांच्या खिशातली नाणी तो लुबाडतो, असा त्यांचा आरोप होता. १९७६ मध्ये पिनबॉलपटू रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या सभासदांसमोर चेंडू कुठून जाणार हे आधी सांगितलं आणि तसाच मारून दाखवला. खेळातलं कौशल्य सिद्ध झालं, बंदी उठली. जुना संशय मात्र त्याच अड्ड्यांवर पिनबॉलशेजारी येऊन बसलेल्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांना वारशाने मिळाला. टेक्सासमधल्या मेस्किट शहराने तर १७ वर्षांखालच्या मुलांना पालकांशिवाय ही यंत्रं खेळायला मनाई केली होती.

२०१४ मध्ये ‘गेमरगेट’ या ऑनलाइन मोहिमेच्या नावाखाली गेमच्या क्षेत्रातल्या स्त्रियांना धमक्या दिल्या गेल्या, मग ही बदनामी गेमर मंडळींनीच ओढवून घेतली नाही का, असं कुणी विचारेल. त्या छळाचा निषेध व्हायलाच हवा. पण गुन्हा धमकी देणाऱ्यांचा आहे, तो खेळणाऱ्या प्रत्येकाच्या माथी मारता येणार नाही. सामन्यांवर सट्टा लागतो म्हणून कुणी क्रिकेटप्रेमी म्हणवून घ्यायला लाजत नाही. गेमरनेही लाजू नये.