मेंदूजन्य चेतापोषी घटक

मेंदूजन्य चेतापोषी घटक, संक्षेपाने बीडीएनएफ, हे सस्तन प्राण्यांच्या चेतासंस्थेत तयार होणारे, न्यूरोट्रॉफिन या वृद्धिघटकांच्या कुळातील प्रथिन आहे. विकसनशील मेंदूत चेतापेशींना शाखा फुटणे, चेतासंधी जुळणे आणि अनुभवानुसार त्या पक्क्या होणे या प्रक्रियांच्या नियमनात त्याचा मोठा वाटा असतो.

शोध

या कुळातील पहिला घटक, चेतावृद्धी घटक, रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांनी १९५० च्या दशकात शोधला. त्यासाठी त्यांना १९८६ चा नोबेल पुरस्कार मिळाला. या संशोधनातून चेतापोषी सिद्धान्त मांडला गेला: भ्रूणात गरजेपेक्षा अधिक चेतापेशी निर्माण होतात आणि लक्ष्य ऊतींकडून पुरेसा पोषी घटक मिळालेल्या पेशीच टिकतात. १९८२ मध्ये ईव्ह-अलाँ बार्ड, डेव्हिड एडगर आणि हान्स थोनेन यांनी डुकराच्या मेंदूतून बीडीएनएफ शुद्ध स्वरूपात मिळवला.

रचना व संकेतवहन

मानवात या प्रथिनाचे जनुक ११ व्या गुणसूत्रावर असते. प्रथम लांब पूर्वरूप तयार होते. विकरांनी ते छेदल्यावर ११९ ॲमिनो आम्लांची परिपक्व साखळी उरते व अशा दोन साखळ्या एकत्र येतात.

परिपक्व बीडीएनएफ पेशीपटलावरील टीआरके-बी या ग्राहीशी बांधला जातो. त्यामुळे ग्राहीच्या जोड्या बनतात, त्यांना फॉस्फेट गट जोडले जातात आणि पेशीचे जगणे, वाढ व जनुकांची अभिव्यक्ती नियंत्रित करणारे संकेतमार्ग सुरू होतात. याउलट पूर्वरूप पी-७५ या ग्राहीमार्फत चेतासंधी कमकुवत करू शकते किंवा पेशीमृत्यू घडवू शकते. अशा रीतीने एकाच जनुकाची दोन रूपे परस्परविरोधी परिणाम करतात.

विकासातील कार्य

१९९४ मध्ये बीडीएनएफचे जनुक निष्क्रिय केलेल्या उंदरांची वर्णने प्रसिद्ध झाली. त्यांच्यात अनेक संवेदी चेतापेशी नष्ट झाल्या, शरीराचा तोल बिघडला आणि बहुतेक पिल्ले काही आठवड्यांत मेली. मात्र मेंदूतील चेतापेशींचा व्यापक नाश आढळला नाही. यावरून परिघीय चेतासंस्थेत पेशी जगवणारा हा घटक मेंदूत प्रामुख्याने जोडण्यांची घडण व परिपक्वता साधतो, असे मानले जाते.

चेतापेशी उद्दीपित झाली की तिच्यात कॅल्शियम शिरते आणि बीडीएनएफची निर्मिती वाढते. बीडीएनएफ अधिक प्रमाणात बनवणाऱ्या उंदरांवरील १९९९ च्या प्रयोगात दृष्टिबाह्यकातील निरोधक जोडण्या लवकर परिपक्व झाल्या आणि डोळ्यांच्या अनुभवाने मेंदूची घडण बदलण्याचा निर्णायक कालखंडही लवकर संपला. म्हणजेच घटकाच्या प्रमाणाइतकीच त्याची वेळही महत्त्वाची असते.

वैद्यकीय महत्त्व

मानवी जनुकातील एका सामान्य बदलामुळे ६६ व्या स्थानी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन येते. त्यामुळे उद्दीपनानंतरचे स्रवण घटते, असे २००३ मध्ये दिसून आले.

एएलएस या आजारात बीडीएनएफ त्वचेखाली टोचून दिला गेला. परंतु १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांच्या जगण्याच्या कालावधीत एकूण लक्षणीय वाढ आढळली नाही. हे प्रथिन रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही व शरीरात लवकर नष्ट होते. रक्तातील बीडीएनएफचा मोठा साठा रक्तबिंबिकांमध्ये असल्याने रक्त तपासणीवरून मेंदूतील त्याच्या पातळीचा थेट अंदाज बांधता येत नाही.